असीमच्या जागेवर दोघं

गेल्या हिवाळ्यात एका माजी विद्यार्थ्याने पुण्याहून मोबाइलवर एक व्हिडिओ पाठवला. 'इंडियन ओशन' या बँडचा कार्यक्रम ऐकायला तो मित्रांबरोबर गेला होता. खाली त्याने लिहिलं होतं, "अस्सलाम अलैकुम सर. तुम्ही वर्गात ज्यांच्याबद्दल सांगायचात ते हेच ना? पण तबला वाजवत गाणारे ते असीम यात कोणते?" मी कळवलं की असीम चक्रवर्ती २००९ मध्येच वारले. थोड्या वेळाने पुढचा प्रश्न आला, "आणि ते गिटारवाले?" तेही आता या बँडमध्ये नाहीत, असं लिहिलं. मग तिसरा प्रश्न आला, "सुरू करणारे दोघंही नाहीत, मग सर, हा तोच बँड कसा?"

हे पोरगं शाळेतही असंच करायचं. व्याकरणाचा नियम फळ्यावर लिहून मी वळेपर्यंत त्याचा अपवाद त्याच्या हातात तयार असायचा. रात्री उत्तर देतो म्हणालो आणि दिलं नाही, कारण मेसेजमध्ये मावेल असं उत्तर माझ्याकडे नव्हतं. आता ते सवडीने लिहितो आहे. मी मालेगावच्या उर्दू शाळेत उर्दू आणि मराठी शिकवतो. संगीताचं शिक्षण नाही. वीस वर्षं ऐकतो आहे, एवढाच अधिकार.

ओळख झाली ती औरंगाबादला, बी.एड.च्या वर्षी. हॉस्टेलच्या खोलीत नांदेडच्या एका मित्राचा टेपरेकॉर्डर होता. माझ्या कॅसेट म्हणजे नुसरत, साबरी ब्रदर्स आणि मेहदी हसन. त्याच्या कॅसेटमध्ये एक होती 'कंदीसा'. शीर्षकाचं गाणं पहिल्यांदा कानावर पडलं तेव्हा मला वाटलं, कुणीतरी बिघडलेल्या उच्चारात अरबी गातंय. शब्द ओळखीचे वाटत होते आणि अर्थ लागत नव्हता. त्यातलं 'आलाहा' म्हणजे अल्लाहच असणार, पण 'कंदीसा' काय? मित्राला विचारलं तर तो म्हणाला, "अर्थ कशाला पाहिजे, ऐक ना."

अर्थ मला नंतर कळला. केरळातल्या सेंट थॉमस ख्रिश्चनांच्या उपासनेतली ही प्रार्थना आहे आणि तिची भाषा सुरयानी, म्हणजे अरामाईची एक शाखा. 'कंदीसा' म्हणजे पवित्र. आपला 'क़ुद्दूस', 'मुक़द्दस', 'बैतुल मुक़द्दस' हे सगळे शब्द त्याच मुळातून फुटलेले. म्हणजे माझा कान अगदीच चुकला नव्हता, घराणं बरोबर ओळखलं होतं, फक्त भावाला भाऊ समजण्याऐवजी तोच माणूस समजलो होतो. दिल्लीतल्या चार जणांनी केरळच्या चर्चमधली प्रार्थना गायली, ती हजरत ईसांच्या काळच्या भाषेच्या कुळातली निघाली, आणि औरंगाबादच्या हॉस्टेलात एका मुसलमान पोराला ती आपल्या घरातली वाटली. मला हा बँड आवडण्याचं कारण त्या रात्रीच ठरलं असावं.

आता बँडची हकिकत. सुस्मित सेन आणि असीम चक्रवर्ती यांची ओळख १९८४ची. सुस्मित गिटार वाजवायचे, असीम तबला वाजवायचे आणि गायचे. १९९० मध्ये त्यांनी दिल्लीत 'इंडियन ओशन' उभा केला. सुरुवातीला ड्रम्सवर शालीन शर्मा होते आणि बेस गिटारवर माणसं येऊन जाऊन होती. १९९१ मध्ये राहुल राम आले आणि बेस गिटारची जागा कायमची भरली. १९९३ मध्ये एचएमव्हीने पहिला अल्बम काढला. १९९४ मध्ये शालीन यांच्या जागी अमित किलम हा कोवळा तरुण ड्रम्सवर आला. त्यानंतर पंधरा वर्षं हीच चौकडी राहिली. लोक 'जुना इंडियन ओशन' म्हणतात तेव्हा त्यांच्या मनात हे चौघं असतात. खरं तर हाही पहिला संच नव्हता, दुरुस्त होत होत जमलेला होता. माझ्या विद्यार्थ्याच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर इथेच आहे: ज्याला आपण मूळ म्हणतो तेच बदलून झालेलं असतं.

या चौघांचा आवाज कशाने बनला होता ते सांगितल्याशिवाय पुढे काय हरवलं ते कळणार नाही. असीम मांडी घालून बसायचे, समोर तबला, आणि वाजवता वाजवता गायचे. ज्यांनी तबला शिकण्याचा प्रयत्न केला आहे त्यांना विचारा हे किती अवघड आहे. हात एक हिशोब करत असतो आणि गळ्याने दुसरा करायचा असतो. आपल्याकडे तबलजी गात नाही, गाणारा तबला धरत नाही, कामाची वाटणी ठरलेली. असीमकडे ती वाटणीच नव्हती. त्यामुळे त्यांच्या गाण्यात शब्द तालावर बसवलेला वाटत नाही, तालातूनच उगवल्यासारखा वाटतो. आवाज गुळगुळीत नव्हता. एखादा शब्द ते असा फेकायचे की वाटावं गल्लीच्या टोकावरून कुणाला तरी हाक मारतायत.

सुस्मित यांची गिटार रॉकच्या गिटारसारखी ओरडायची नाही. बंद डोळ्यांनी ऐकली तर कधी सरोद, कधी आणखी काही भासावी अशी, एकेक स्वर सुटा काढणारी. अमित ड्रम्स तर वाजवायचेच, पण मध्येच गबगुबी काढायचे. बाऊल फकिरांचं हे वाद्य: काखेत धरलेली कातडी बांधलेली लाकडी नळी, कातड्यातून निघालेली तार एका हाताने ताणायची आणि दुसऱ्याने छेडायची. आपल्याकडच्या जोगत्यांचं चौंडकं ज्यांनी पाहिलं आहे त्यांना ते लगेच ओळखू येईल, एकाच जातीची वाद्यं आहेत.

आणि राहुल राम. अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठात पर्यावरणातल्या विषारी द्रव्यांवर पीएच.डी. करून आलेला हा माणूस नर्मदा बचाव आंदोलनात जाऊन राहिला. तिथल्या खोऱ्यात लोक जे गातात ते तो घेऊन आला. 'मा रेवा' हे नर्मदेचं गाणं असं बँडमध्ये आलं. नर्मदा नंदुरबार जिल्ह्याच्या उत्तर टोकाला आपल्या राज्याला स्पर्श करते. सरदार सरोवराचं पाणी चढलं तेव्हा धडगाव-अक्कलकुव्याकडची आदिवासी गावं त्यात गेली. शहरातली तरुण पोरं 'मा रेवा'वर नाचतात तेव्हा त्यातल्या कितींना हे ठाऊक असतं कोण जाणे. पण नाचू द्यावं. गाणं निदान त्यांच्यापर्यंत पोहोचलं.

बँडचं नाव खऱ्या अर्थाने झालं ते 'डेझर्ट रेन'ने. तो स्टुडिओत केलेला अल्बम नाही. १ जानेवारी १९९७ रोजी दिल्लीत मंडी हाउसपाशी सफ़दर हाशमींच्या स्मृतिदिनाचा कार्यक्रम होता, तिथल्या वादनाचं ते ध्वनिमुद्रण आहे. सफ़दर हे पथनाट्य करणारे. १ जानेवारी १९८९ रोजी साहिबाबादजवळ झंडापूरला 'हल्ला बोल' चालू असताना त्यांच्यावर हल्ला झाला आणि दुसऱ्या दिवशी ते गेले. तेव्हापासून दर वर्षी पहिल्या तारखेला लोक जमतात. रॉक बँड म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर परदेशी पोशाख, महागडी वाद्यं आणि श्रीमंत घरची मुलं येतात. या बँडची पहिली मोठी ओळख मात्र दिल्लीच्या थंडीत, एका मारल्या गेलेल्या नाटकवाल्याच्या आठवणीत, उघड्यावर झाली.

२००० मध्ये 'कंदीसा' आला. त्यात 'मा रेवा' आहे, आणि गोरख पांडे या कवीच्या भोजपुरी रचनेवरचं 'हिल्ले ले'ही आहे. २००३ मध्ये 'झीनी' आला, शीर्षकाचं गाणं कबीराचं. इथे माझा थोडा पक्षपात मान्य करतो. मालेगाव हे विणकरांचं गाव. १८५७ नंतर उत्तरेतून, बनारस-मऊच्या बाजूने उठून आलेल्या मोमिन विणकरांनी इथे हातमाग लावले, पुढे त्यांचे यंत्रमाग झाले. कबीर जुलाहा होता हे आमच्याकडच्या मुलांना पुस्तकातून शिकवावं लागत नाही. 'झीनी' म्हणजे कुठल्या सुताचा कपडा हे वर्गातल्या निम्म्या पोरांना माझ्यापेक्षा चांगलं कळतं. एकदा वर्गात ते गाणं लावलं तेव्हा मागच्या बाकावरचा एक जण म्हणाला, "सर, ये तो लूम चल रहा है." आमच्या गावात रात्री झोपतानाही ती खटखट चालू असते, त्याला ती गाण्यात ऐकू आली. संगीत समीक्षकांनी या बँडबद्दल पुष्कळ लिहिलं आहे, पण इतकं नेमकं वाक्य माझ्या वाचनात नाही.

मग 'ब्लॅक फ्रायडे'. हुसेन झैदींच्या पुस्तकावर अनुराग कश्यप यांनी केलेला हा चित्रपट १२ मार्च १९९३च्या मुंबई बॉम्बस्फोटांवरचा. त्यात २५७ माणसं मेली. त्याआधी डिसेंबर आणि जानेवारीतल्या दंगलींत सुमारे ९०० मेली होती. खटला चालू असल्यामुळे मुंबई उच्च न्यायालयाने चित्रपट थांबवला होता, तो अखेर फेब्रुवारी २००७ मध्ये लागला. गाणी मात्र २००५ मध्येच बाहेर आली होती. 'बंदे' हे पीयूष मिश्रांनी लिहिलेलं गाणं चित्रपटाच्या आधी लोकांच्या तोंडी झालं.

मी तो चित्रपट नाशिकला जाऊन पाहिला. एकटाच गेलो. जुलै २००६ मध्ये मुंबईच्या लोकलमध्ये स्फोट झाले होते, ८ सप्टेंबरला शबे-बरातच्या दिवशी आमच्याच गावात, कब्रस्तानाजवळ झाले होते. शुक्रवारच्या नमाजनंतरची वेळ होती. त्या दिवसाबद्दल मी आजवर कुठे लिहिलेलं नाही आणि आताही लिहिणार नाही. एवढंच सांगतो की फेब्रुवारीत थिएटरच्या कडेच्या खुर्चीवर बसलो तेव्हा पडद्यापेक्षा आजूबाजूच्या लोकांकडे माझं लक्ष जास्त होतं. पडद्यावर माझ्या नावासारखी नावं होती. कोण कुठे हसतं, कोण कुठे काय पुटपुटतं, मी ऐकत होतो.

ते गाणं मला आधीपासून पाठ होतं, पण तिथे ते वेगळं लागलं. 'बंदा' हा शब्द फारसीतला: गुलाम, सेवक, आणि मग ख़ुदाचा बंदा म्हणजे माणूस, कुठलाही माणूस. (मराठीत बंदा रुपया म्हणजे अख्खा रुपया, हे मी मुलांना सांगतो तेव्हा ती फार हसतात.) ज्याने दंगलीत मारलं तो बंदा, ज्याने बॉम्ब ठेवला तोही बंदा, आणि खुर्चीत अंग चोरून बसलेला मीही. गाणं कुणाची बाजू घेऊन दुसऱ्याला शिव्या देत नव्हतं आणि कुणाला सोडूनही देत नव्हतं. बाहेर आलो तेव्हा शेजारच्या खुर्चीवरचे गृहस्थ रिक्षाची वाट बघत उभे होते. ते मला म्हणाले, "गाणं भारी होतं, नाही?" मी हो म्हणालो. त्या संध्याकाळी आमच्यात बोलता येण्यासारखं तेवढंच होतं, आणि ते होतं हे बरं होतं.

ऑक्टोबर २००९ मध्ये असीम दोहाला असताना त्यांना हृदयविकाराचा झटका आला. २५ डिसेंबरला ते गेले. तोवर नव्या अल्बमची गाणी ध्वनिमुद्रित झालेली होती. करोलबागेत खजूर रोडवरच्या ज्या जुन्या घरात बँडचा सराव चालायचा, त्याचाच पत्ता अल्बमला नाव म्हणून दिला गेला: '१६/३३० खजूर रोड'. २०१० मध्ये त्यातली गाणी एकेक करून इंटरनेटवर फुकट वाटली गेली. त्याच वर्षी जयदीप वर्मांचा 'लीव्हिंग होम' हा बँडवरचा माहितीपट थिएटरांत लागला. तो चौघांचा माहितीपट म्हणून बनला होता, लोकांनी पाहिला तेव्हा तिघं उरले होते. ज्याला या बँडची माणसं समजून घ्यायची असतील त्याने तो पाहावा. मी दोनदा पाहिला आहे, तिसऱ्यांदा असीमचा भाग सोडून दिला.

मला खरं तर इथे पोहोचायचं होतं. असीम गेल्यावर बँडने काय केलं? एक माणूस गेला, त्याच्या जागी दोघांना घेतलं. तबल्यावर तुहिन चक्रवर्ती आले आणि गाण्यासाठी हिमांशु जोशी. तबला वाजवत गाणारा तिसराच कुणी शोधता आला असता, देशात माणसांना तोटा नाही. त्याने असीमसारखं बसायचं, असीमसारखं गायचं, आणि लोकांनी म्हणायचं, अगदी हुबेहूब. पुष्कळ ऑर्केस्ट्रा असेच चालतात, आणि जगातले मोठमोठे रॉक बँडही हा मार्ग धरतात. इथे मात्र असीम ज्या दोन गोष्टी एकत्र करायचे त्या वेगळ्या झाल्या. हिमांशु यांचा गळा शास्त्रीय वळणाचा, फिरता. हिशोबाने पाहिलं तर गाणं आणि ताल दोन्ही अधिक सफाईदार झाले. पण दोन माणसांच्या मध्ये एक फट असते, आणि जुनी गाणी ऐकताना मला ती ऐकू येते. ती बुजवलेली नाही, हे मला बरं वाटतं.

२०१३ मध्ये सुस्मित सेन बाहेर पडले. ते आधीपासून स्वतःचं वेगळं वादन करत होते, पुढे 'ओशन टू ओशन' नावाचं आठवणींचं पुस्तकही आलं. त्यांच्या जागी निखिल राव आले. त्यांची गिटार विजेची, मोठ्या आवाजाची, रॉकच्या अधिक जवळची. यावर जुन्या चाहत्यांची तोंडं वाकडी झाली. माझंही झालं होतं. सुस्मितचा तो सुटा स्वर मला अजून हवासा वाटतो. पण २०१५ मध्ये 'मसान'ची गाणी ऐकली आणि तक्रार थोडी मागे घेतली. त्यातलं 'तू किसी रेल सी' दुष्यंत कुमारांच्या शेरावरून वरुण ग्रोवर यांनी वाढवलं आहे, गायलं आहे स्वानंद किरकिरे यांनी. दोन्ही संस्थापक नाहीत, गाणाराही बाहेरचा, आणि तरी दुसऱ्या कुणाचं गाणं म्हणून ते खपलं नसतं.

यावर माझ्या विद्यार्थ्याला माझ्या ओळखीचं उदाहरण देतो. क़व्वालांची पार्टी. खुलताबादच्या उरुसात मी लहानपणापासून जातो. मुख्य क़व्वाल, हार्मोनियमवाला, तबला-ढोलकवाला, आणि मागे टाळ्या धरणारे हमनवा. नावं तीच राहतात, माणसं बदलतात. फ़तेह अली ख़ान आणि मुबारक अली ख़ान यांची पार्टी होती. १९६४ मध्ये फ़तेह अली गेले, १९७१ मध्ये मुबारक अली गेले, आणि त्यांच्या जागी बसलेल्या मुलाचं नाव नुसरत. १९९७ मध्ये नुसरत गेले, पुतण्या राहत पुढे आला. "ही तीच पार्टी कशी?" असं तिथे कुणी विचारत नाही. तमाशाच्या फडाचंही तसंच आहे, नाव बापाचं आणि फड लेकीचा.

पण उदाहरण एका ठिकाणी लंगडं पडतं, हेही सांगायला हवं. क़व्वालीत आणि फडात वारसा रक्ताने येतो. काका, पुतण्या, लेक. बँडमध्ये तसं काही नसतं. सुस्मित, असीम, राहुल, अमित हे एकमेकांचे कोणीच नव्हते. नंतर आलेलेही त्यांचे कोणी नव्हते. तिथे चिकटून राहायला घराणं नाही, जमीन नाही, फक्त गाणं आहे. म्हणून बँड मोडणं हीच साधी गोष्ट असते आणि टिकणं अवघड. आज बँडमध्ये सगळ्यात जुने आहेत राहुल राम आणि अमित किलम, म्हणजे सुरू करणारे नव्हेत, नंतर येऊन थांबलेले. २०१४ मध्ये 'तंदानू' आणि नऊ वर्षांनी, २०२३ मध्ये, 'तू है' असे दोन अल्बम त्यांनी नव्या संचासह काढले. मला त्यात 'कंदीसा'सारखं काही सापडलं नाही. पण माझंही वय तेव्हाचं नाही.

दहावीच्या मुलांना आज़ाद नज़्म समजावताना मी अजून या बँडचा आधार घेतो. क़ाफ़िया नाही, रदीफ़ नाही, ओळी लहानमोठ्या, मग ही शायरी कशी, असा प्रश्न दर वर्षी येतो. नून मीम राशिद हे उर्दूतल्या आज़ाद नज़्मचे मोठे नाव. त्यांची 'ज़िंदगी से डरते हो' ही नज़्म या बँडने 'पीपली लाइव्ह'साठी गायली. १९७५ मध्ये वारलेल्या शायराची वळणावळणाची नज़्म शेतकऱ्याच्या आत्महत्येवरच्या चित्रपटात गेली. मी आधी ती फळ्यावर लिहितो, मुलं म्हणतात ही गाताच येणार नाही. मग लावतो. प्रत्येक वर्गात दोनतीन पोरं तरी असतात जी पुढचे आठ दिवस कॉरिडॉरमध्ये ती गुणगुणतात. राशिद कोण, ते परीक्षेत विसरतात.

त्या व्हिडिओकडे परत येतो. पहिल्यांदा मी तो फक्त माणसं ओळखायला पाहिला होता. हे लिहिण्याआधी पुन्हा पाहिला. 'कंदीसा' चालू आहे, कॅमेरा हलतोय, स्टेज नीट दिसतही नाही, कारण आमचे चिरंजीव स्वतःच जोरात गातायत आणि मोबाइल त्यांच्या तोंडापाशी आहे. सगळ्या गर्दीत आवाज त्याचाच वर. उच्चार जसाच्या तसा बँडकडून उचललेला, सरळ मराठी 'क'. पाच वर्षं मी त्याला घशातून क़ाफ़ काढायला शिकवत होतो.